घरचा डायनामो

जनरेटर ही लग्नाच्या मांडवामागे उभी करायची वस्तू आहे, घरात आणून ठेवायची नव्हे, असे माझे कित्येक वर्षे ठाम मत होते. लग्नातला जनरेटर आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. आचाऱ्याच्या चुली आणि उष्ट्या पत्रावळींचा ढीग यांच्या मधोमध तो थरथरत उभा असतो. 'सावधान'च्या वेळीच त्याला नेमकी उचकी लागते, दिवे लालसर होतात, भटजी थांबतात, आणि वधूपित्याचा जीव त्या तेलकट यंत्रात जाऊन बसतो. असा ओरडणारा, धूर सोडणारा आणि तेल पिणारा प्राणी पैसे मोजून कायमचा घरी आणणारा माणूस एकतर गर्भश्रीमंत असला पाहिजे, नाहीतर त्याला शेजारी तरी नसले पाहिजेत, असे मी कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवीत असे.

आज आमच्या परसात, विहिरीच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली एक जनरेटर आहे. मी गर्भश्रीमंत नाही, हे मराठीच्या प्राध्यापकाने वेगळे सांगायला नको. शेजारी तर भरपूर आहेत. तेव्हा हे मत कसे बदलले, ते सांगणे भाग आहे.

आमचे पूर्णा हे गाव शोधायचे तर रेल्वेचा नकाशा घ्यावा. मनमाडकडून परभणीवरून नांदेडकडे जाणारा मार्ग आणि हिंगोली-अकोल्याकडे फुटणारा मार्ग जिथे भेटतात, ते हे जंक्शन. गाव परभणी जिल्ह्यातले, पण निम्मे गाव अजून रेल्वेच्या घड्याळावर जेवते. रेल्वेमुळेच की काय कोण जाणे, आमच्याकडे वीज जात नाही, 'लाईन' जाते. "लाईन गेली", "लाईन आली का?" हे प्रश्न आम्ही गाडी विचारावी तसे विचारतो. ती वेळेवर येईल अशी अपेक्षा दोन्ही बाबतींत कोणी फारशी ठेवीत नाही.

२००५ नंतरची सात-आठ वर्षे ज्यांनी महाराष्ट्राच्या लहान गावांत काढली, त्यांना भारनियमन म्हणजे काय हे शिकवावे लागणार नाही. अंधाराला 'नियमन' म्हणणाऱ्या त्या अज्ञात शब्दकाराला मी मनोमन हात जोडतो. ज्या वाहिनीवर वीजगळती आणि थकबाकी अधिक, तिच्यावर अंधार अधिक, असा तो हिशेब असे. शहरात चार तास, तर खेड्यात बारा बारा तास. मात्र त्या अंधाराला वेळापत्रक होते, ही गोष्ट आज मला फार मोलाची वाटते. पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, मुलांचा अभ्यास, माझ्या उत्तरपत्रिका, सारे त्या वेळापत्रकाभोवती फिरत होते. ठरलेल्या वेळी येणारी भूक माणूस सोसू शकतो.

पुढे भारनियमन ओसरले, आणि वीज आता कायमचीच आली असे आम्ही धरून चाललो. मुंबईचे माझे मेव्हणे तर "तुमच्याकडे अजून लाइट जाते?" असे कीव केल्यासारखे विचारीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचीच वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि त्यानंतर मात्र हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. त्यांच्या वडिलांनी १९६७ च्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने अंधारलेली मुंबई पाहिली होती. पण घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण कोण लक्षात ठेवतो? मराठवाड्याला तर विजेची आणि पाण्याची सांगड तोंडपाठ असायला हवी. २०१३ साली दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. आणि आमच्याच पूर्णा नदीवर, वर येलदरीला, धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. नदीला पाणी कमी झाले तरी वीज अडते, आणि आभाळातले पाणी जास्त झाले तर ती कशी अडते, ते आता सांगतो.

आमचे वडील, नाना, रेल्वेत फायरमन म्हणून लागले ते मीटरगेजवरच्या वाफेच्या इंजिनांच्या काळात. पुढे ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. आता पूर्णेवरून विजेची इंजिने जातात, नाना ती पाहून "आवाज नाही, धूर नाही, ही कसली गाडी?" म्हणतात. पण धुराने नानांना सोडले नव्हते. कोळशाचा धूर, वर विड्यांचा धूर. २०२२ साली डॉक्टरांनी सांगितले की फुप्फुसे थकली आहेत, दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन लागेल. म्हणून घरात एक यंत्र आले. लहानशा कपाटाएवढे, चाकांवर सरकणारे, हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीतून नाकाशी पोचवणारे. त्याच्या शेजारी दवाखान्यात असतो तसा वरखाली होणारा पलंग आला. बोटाला लावायचा चिमटा आला. सौ.ने रोजचे आकडे लिहायला वही घातली. थोडक्यात, आमच्या माजघरात एक छोटासा दवाखाना थाटला गेला, आणि तो थाटताना एक गोष्ट आम्ही विसरलो. कोणत्याही धड दवाखान्याच्या मागच्या बाजूला जनरेटर असतो. बँकेमागे असतो, मोबाइलच्या मनोऱ्याखाली असतो. रुग्ण घरी आला, पलंग आला, यंत्र आले. जनरेटर तेवढा दवाखान्यातच राहिला.

इन्व्हर्टर होता की, असे आपण म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. परंतु मराठीच्या माणसालाही करता येईल असा एक गुणाकार मी केला नव्हता. आमची बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची. म्हणजे कागदावर अठराशे वॉट-तास. प्रत्यक्षात बॅटरीचे वय आणि यंत्रातली घट वजा जाता त्याहून बरेच कमी. नानांचे यंत्र साडेतीनशे वॉटचे. त्यात एक पंखा आणि एक दिवा मिळवा. चार तास निघाले तरी देवाची कृपा. दिवे-पंख्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरच्या खांद्यावर आम्ही एका माणसाचा श्वास ठेवला होता, आणि वर भिंतीवरचा त्याचा हिरवा ठिपका पाहून निश्चिंत झोपत होतो.

नानांना मात्र हे ठाऊक होते. ते पलंगावरून म्हणत, "रेल्वेचा डबा कधी कोणाच्या भरोशावर उजेड करत नसतो. डब्याखाली डायनामो राहतो, चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला. गाडी पळते तोवर आपली वीज आपण करती, थांबली की बॅटरीतली वापरती. इंजिनाचा पुढचा दिवा बी तसाच, वाफेवरच्या टर्बोवर. तुझ्या घरात नुसती बॅटरी हाय. डायनामो कुठाय?" मी हसून "बरं नाना" म्हणे आणि वर्गाला निघून जाई. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यातले तंत्रज्ञान आपण आठवणींच्या खात्यात जमा करून टाकतो.

२०२४ च्या सप्टेंबरची पहिली तारीख रविवारची होती, आणि दुसऱ्या दिवशी पोळा. परभणी, हिंगोली, नांदेड भागात त्या दोन दिवसांत जो पाऊस झाला तो अनेकांना आठवत असेल. आमच्याकडे संध्याकाळपासून आभाळ फाटल्यासारखे कोसळत होते. मराठीत आकाशातलीही वीजच आणि तारेतलीही वीजच. वर्गात मी या शब्दावर दहा मिनिटे बोलतो. त्या रात्री आठच्या सुमारास एक वीज आली आणि दुसरी गेली. कोपऱ्यावरचे लिंबाचे झाड तारांवर पडले होते.

साडेअकराला इन्व्हर्टरने तीन शिट्या दिल्या आणि तो गप्प झाला. मग सिलिंडर लावला. अडचणीसाठी म्हणून एक मध्यम सिलिंडर आम्ही आणून ठेवला होता. भरलेला असता तर मिनिटाला दोन लिटरच्या हिशेबाने बारा तास पुरता. पण तो आधी एकदा वापरलेला होता आणि भरून आणायचे राहून गेले होते. कोणाकडून राहिले, हे या घरात कोणी कोणाला विचारले नाही. मला उत्तर ठाऊक होते. काटा अर्ध्यावर होता. म्हणजे साडेपाच-सहा तास, उजाडेपर्यंत जेमतेम. नांदेड तसे जवळ, रेल्वेने पाऊण-एक तासावर. पण वाटेतल्या ओढ्यांना पाणी आल्याचे फोनवर समजले, आणि थोड्या वेळाने फोनही लागेना.

टॉर्चच्या उजेडात मी तो काटा पाहत बसलो होतो. नाना शांत होते. म्हणाले, "कामून घाबरायलास? पाण्याचा काटा खाली चालला की ड्रायव्हर काट्याकडं बघत बसत नाही, पुढलं स्टेशन बघतो."

पुढले स्टेशन सौ.ला दिसले. आमच्या मागच्या गल्लीत एक मंडपवाले राहतात. सारे गाव त्यांना चाचा म्हणते. त्यांच्याकडे जनरेटर आहेत हे मलाही ठाऊक होते. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात, भाचीच्या लग्नात, त्यांच्या यादीतला जनरेटर मीच स्वतःच्या हाताने खोडला होता. "आता कुठे लाईन जाते, चाचा?" असे चारचौघांत म्हणून पंधराशे रुपये वाचवले होते. त्यांच्या दारी रात्री तीन वाजता कोणत्या तोंडाने जावे, या विचारात मी चप्पल शोधत राहिलो, आणि तेवढ्यात सौ. छत्री घेऊन निघूनही गेली होती.

पाऊण तासाने गल्लीत हातगाडीचा खडखडाट ऐकू आला. चाचा पुढे ओढत होते, त्यांचा मुलगा मागून ढकलत होता, आणि गाडीवर ताडपत्रीत गुंडाळलेला, नव्या सुनेसारखा झाकलेला, तो. त्यांच्याकडचा सर्वांत लहान, मिरवणुकीत भोंग्यासाठी वापरतात तो. मी घाईघाईने म्हणालो, "इथे व्हरांड्यातच ठेवू या, पाऊस आहे." चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पुन्हा विद्यार्थी झालो. "सर, आत नको. याच्या धुरात असा वायू राहतो की त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. तुम्ही फक्त वायर खिडकीतून घ्या." मग परसात चार विटांवर तो बसवला, वर पत्रा धरला, आणि दोरीच्या चौथ्या ओढीला त्याने तो ओळखीचा, मांडवामागचा, असंस्कृत आवाज केला. नानांच्या यंत्राने एक लांब पीप दिली आणि पुन्हा घुमू लागले. उभ्या आयुष्यात कोणतीही सनई माझ्या कानांना इतकी गोड लागलेली नाही. चाचांनी त्या रात्रीचे भाडे घेतले नाही. भाचीच्या लग्नाचा विषयही काढला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला आणि वायरमन आले. दोघेजण रात्रभर भिजलेलेच होते. खांबावर चढण्यापूर्वी त्यांतला थोरला गल्लीभर फिरून दारोदार एकच प्रश्न विचारीत होता, "घरात जनरेटर चालू हाय का? कसा जोडलाय?" मला नवल वाटले. त्याने समजावून सांगितले. घराच्या वायरिंगला जनरेटर सरळ जोडला आणि मेन स्विच बंद करायचा राहिला, तर घरात तयार झालेली वीज उलटी तारेवर जाते. ट्रान्सफॉर्मर जसा अकरा हजारांचे दोनशे तीस करतो, तसाच उलट बाजूने दोनशे तीसचे अकरा हजार करतो. आणि तार मेलेली आहे असे समजून खांबावर चढलेला माणूस तिला हात लावतो. "आम्हाला लाईनची भीती नाही सर," तो म्हणाला, "घरच्या लाईनची भीती हाय." आमची वायर यंत्राला वेगळी जोडलेली होती, ती त्याने स्वतः खिडकीतून पाहिली आणि मगच शिडी लावली. संध्याकाळी बैल मिरवून परत येण्याच्या सुमारास दिवे आले.

पुढच्याच महिन्यात जनरेटर घेतला. खरे म्हणजे नानांनी घेतला. मी पैसे दिले. दुकानदार मोठा, बंद पेटीतला, डिझेलवरचा दाखवीत होता. नानांनी घरूनच फोनवर विचारले, "लोड काय धरलास?" मग वहीवर हिशेब मांडला. त्यांचे यंत्र साडेतीनशे, फ्रीज दोनशेच्या आत. पण फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर तिप्पट-चौपट ओढतो, ती जागा सोडली पाहिजे. दोन पंखे, चार दिवे. पाण्याची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालेल, पण फ्रीज बंद करून. दोन केव्हीएचा पेट्रोलवरचा, म्हणजे सुमारे सोळाशे वॉटचा, पुरे. "गाडीला जेवढे डबे तेवढंच इंजिन लावावं," नाना म्हणाले. इलेक्ट्रिशियनकडून मेनच्या शेजारी चेंजओव्हर स्विच बसवून घेतला: खटका एका बाजूला असेल तर बाहेरची लाईन, दुसऱ्या बाजूला असेल तर घरची, दोन्ही एकदम कधीच नाही. चार आणे वाचवायला हा स्विच टाळणाऱ्यांविषयी माझे मत काय आहे, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

आता त्याचे अवगुणही सांगतो, नाहीतर वाचकांना मी दुकानदाराचा नातेवाईक वाटायचो. भार असला की तो तासाला लिटरभर पेट्रोल पितो आणि त्या लिटरातून जेमतेम दीड युनिट वीज देतो. म्हणजे घरची वीज युनिटला सत्तर-ऐंशी रुपयांना पडते. त्या दराने दूरदर्शनवरची मालिका पाहणाऱ्याने आपली अभिरुची तपासून घ्यावी. दिवे आणि पंखे एवढ्यासाठीच कोणाला हवा असेल तर इन्व्हर्टरच चांगला: मुका, निर्व्यसनी. आमच्या समोरच्या घरावर, २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतून, सौर पाट्या बसल्या आहेत. त्यांचे वीजबिल पाहून मला असूया वाटते. पण लाईन गेली की त्यांचीही वीज बंद होते, भर दुपारी, लखलखीत उन्हात. कारण तेच, खांबावरचा माणूस. जाळ्याला जोडलेली सौरयंत्रणा जाळे मेले की स्वतःहून थांबते, आणि थांबलीच पाहिजे. बॅटरी जोडली तर ती चालू ठेवता येते, पण बॅटरी महाग, आणि पावसाच्या झडीत तिला भरणार कोण? ज्या घरात ऑक्सिजनचे यंत्र आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हवेची गादी आहे, शीतकपाटात महिन्याचे इन्सुलिन आहे, त्या घरी साठवलेली वीज संपल्यावर नवी करणारे काहीतरी असले पाहिजे. इतरांनी खुशाल मेणबत्ती लावावी. मेणबत्तीच्या उजेडात माणसे बरी दिसतात.

एका गोष्टीची मात्र मला कल्पना नव्हती. अंधाऱ्या गल्लीत एकट्याच्याच घरात उजेड असणे फार संकोचाचे असते. पहिल्यांदा लाईन गेली तेव्हा आम्ही खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते, चोरी केल्यासारखे. पण आवाजाला पडदा कुठून आणणार? दहा मिनिटांत दारात पहिली टकटक झाली. पलीकडच्या घरातली सून, कडेवर दम लागलेले पोर, हातात नेब्युलायझर. मग समोरच्या काकू, इन्सुलिनची पेटी घेऊन. मग स्पर्धापरीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख असलेला, माझाच एक माजी विद्यार्थी. मग नुसतेच मोबाइल, त्यांच्या वायरींसह, ओट्यावर रांगेने. नाना पलंगावरून लोड मोजत: "बास. आता फ्रीज काढा, मग पोराचं मशीन लावा." कोपऱ्यावरचे बँकेतले काका मात्र आले ते आवाजाची तक्रार घेऊन, आणि त्यांचे काही चुकले नव्हते, त्यांच्या पत्नीला अर्धशिशी आहे. तेव्हापासून आमचा नेम असा आहे की रात्री दहानंतर नाना सिलिंडरवर, आणि जनरेटर फक्त सिलिंडर सरत आला तरच. भरलेले दोन सिलिंडर आता घरात असतात. त्यांची तारीख वहीत मी लिहितो, सौ. नव्हे.

असले यंत्र नुसते उभे करून ठेवले तर गरजेच्या वेळी रुसते. टाकीतले पेट्रोल शिळे होते, कार्ब्युरेटर चिकटतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी, भार देऊन, पंधरा-वीस मिनिटे चालवायचा असतो. तारीख लक्षात राहायची नाही म्हणून नानांनी तिथी ठरवली: अमावास्या. "अंधाराच्या दिवशीच दिवा तपासावा," म्हणाले. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही आमच्याकडे पणत्यांच्या आधी परसात धडधड होते, आणि गल्लीतली पोरे फटाके टाकून "लाईन गेली का?" म्हणून धावत येतात.

२०२५ च्या पोळ्यालाही अमावास्याच होती. सकाळी नानांनी नळी लांब करून घेतली आणि परसाच्या दारापर्यंत चालत आले. आमच्या घरी बैल नाही. तीन पिढ्यांत नव्हता. त्यांनी नातीला हाक मारली, ताटात गुलाल, हळदकुंकू आणि पुरणपोळीचा तुकडा आणायला सांगितला. विटांवरच्या त्या यंत्राला तिने पाच बोटे गुलालाची लावली, हँडलला झेंडूची माळ घातली. मी म्हणालो, "नाना, माळ काढा, चालू केला की गुंतेल." ते म्हणाले, "काढ. पण पोळी राहू दे."

मग मी माळ काढून विहिरीच्या रहाटाला अडकवली, खटका घरच्या बाजूला टाकला आणि दोरी ओढली. दुसऱ्याच ओढीला लागला. नाना दाराच्या चौकटीला टेकून, डोळे मिटून, मिनिटभर त्याचा आवाज ऐकत उभे राहिले, आणि म्हणाले, "तेल बदलायला झालंय."